गजर मधेच का तुटतो?

२०१२ साली, मी नववीत असताना, सांगोल्यातल्या आमच्या घरी आजोबांच्या भजनी मंडळाची एकच कॅसेट उरली होती. आजोबा नव्हते. ती कंप्युटरवर उतरवून, अभंगांचे तुकडे पाडून, शेवटी बाजारातली चार भक्तिगीतं जोडून मी सीडी बर्न केली. आजी ऐकून म्हणाली, "गजर मधेच का तुटतो रं? आणि ह्यांचा आवाज एवढा बारीक?"

पहिला दोष 'ट्रॅक-ॲट-वन्स'चा. त्यात प्रत्येक ट्रॅकनंतर लेझर थांबतो आणि दोन सेकंदांची शांतता पडते. 'डिस्क-ॲट-वन्स'मध्ये सगळं सलग लिहिलं जातं. तरी सांध्यावर 'टिक' येत होती. कारण सोनी आणि फिलिप्सच्या १९८० च्या 'रेड बुक'मध्ये आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, ७५ फ्रेम, म्हणजे फ्रेमला ५८८. तुकडा ५८८ च्या पटीत कापला नाही, तर उरलेली जागा शून्यांनी भरते.

दुसरा दोष 'नॉर्मलाइझ'चा. ते फक्त सर्वांत उंच शिखर बघतं, आणि आमच्याकडे ते टाळांचं होतं. २००१ मध्ये डेव्हिड रॉबिन्सनने 'रीप्लेगेन' मांडलं: शिखर सोडा, कानाला जाणवणारा जोर मोजा. आजोबांचा आवाज वाढवला असता तर टाळ फाटले असते. म्हणून मी बाजारातली गाणी खाली आणली.

दुसऱ्या सीडीत गजर तुटला नाही. आजीने ती दोनदा लावली.

आज स्ट्रीमिंग ॲप हे आपोआप करतं, पण आजोबा कुठल्याच ॲपवर नाहीत. बर्न केलेल्या सीडीतला रंगाचा थर वर्षागणिक उतरतो. तुमच्या घरी अशी एखादी असेल, तर या रविवारीच उतरवून घ्या.