आततायी कोण?

"उगाच आततायीपणा करू नकोस!" रागाच्या भरात राजीनामा पाठवायला निघालं, की घरातून हे वाक्य हमखास येतं. मराठीत आततायी म्हणजे उतावळा, मागचापुढचा विचार न करणारा. पण वर्ध्यात हाच शब्द हिंदीत ऐकलात, तर त्याचा अर्थ निघतो जुलमी, अत्याचारी. १९३६ साली राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली ती याच शहरात. इथे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात.

मूळ शब्द संस्कृत. 'आतत' म्हणजे ताणलेलं. धनुष्य ताणून अंगावर येणारा, तो आततायी. वसिष्ठ धर्मसूत्रात असे सहा जण सांगितलेत: आग लावणारा, विष घालणारा, शस्त्र उगारणारा आणि धन, शेत किंवा बायको हिरावणारा. मनुस्मृती म्हणते, आततायी चालून आला तर त्याला मारण्यात दोष नाही. म्हणजे आधी समोरच्याला आततायी ठरवायचं, मग त्याच्यावरचा वार माफ! गीतेतला अर्जुन नेमका इथेच अडतो. समोरचे आततायी आहेत हे त्याला मान्य आहे, तरी त्यांना मारून पापच लागेल असं त्याला वाटतं.

वर्धा जिल्ह्यात हा पेच १९४२ साली प्रत्यक्ष उभा राहिला. १४ जुलैला काँग्रेस कार्यकारिणीने इंग्रजांनी सत्ता सोडावी असा ठराव केला, तो वर्ध्यातच. ९ ऑगस्टच्या पहाटे मुंबईत गांधीजींसह बडे नेते पकडले गेले. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर गेले. गोळीबार झाला, गावकरी पडले. खवळलेल्या जमावाने पोलिसांनाही ठार मारलं.

आता सांगा, यात आततायी कोण? सरकारच्या लेखी जमाव. गावाच्या लेखी गोळ्या झाडणारे. मराठी अर्थ घेतला तर लोक, हिंदी अर्थ घेतला तर सरकार.

आष्टी-चिमूरच्या खटल्यांत फाशीच्या शिक्षा झाल्या. गांधीजींना जमावाची हिंसा मान्य नव्हती. तरीही या कैद्यांना फाशी देऊ नये, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. देशभर आवाज उठला आणि अखेर फाशी टळली. आज त्या गावाला आष्टी (शहीद) म्हणतात.

कुणाला आततायी म्हणण्याआधी एवढं बघावं, धनुष्य आधी कुणी ताणलं होतं? आणि ते कळल्यावरही, अर्जुनासारखं क्षणभर थांबावं.