ललिता पवार : थपडेच्या आधी आणि नंतर

ललिता पवार म्हटलं की दोन गोष्टी हमखास निघतात. एक, 'रामायण' मालिकेतली मंथरा. दुसरी, ती थप्पड. हा किस्सा तुमच्याही फोनवर कधीतरी येऊन गेला असेल. १९४२ साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. हात जोरात बसला. चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, उपचार लांबत गेले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका संपली, खाष्ट सासू जन्माला आली. किस्सा इथेच संपवतात.

पण १९१६ साली येवल्यात जन्मलेली ही अंबा सगुण तोवर बरंच काही करून बसली होती. मूकपटांत ती बालकलाकार म्हणून आली. 'कैलाश' (१९३२) या मूकपटात तिने काम केलंच, निर्मितीतही तिचा वाटा होता. तेव्हा वय सोळा! पुढे तिने 'दुनिया क्या है' काढला.

थपडेचा तो अपघातच होता. हिशेब मात्र दोघांचा वेगळा झाला. भगवानदादांनी पुढे चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला आणि १९५१ साली, अडतिशीच्या आसपास, 'अलबेला'चे ते नायक झाले. ललिताबाई त्याआधीच, १९४४ साली, प्रभातच्या 'रामशास्त्री'त 'ध'चा 'मा' करणारी आनंदीबाई झाल्या होत्या. 'दहेज'मध्ये (१९५०) सासू झाल्या. नायिकेचं दार त्यांना सव्विसाव्या वर्षीच बंद झालं होतं.

ट्रॉम्बेकडे जाणाऱ्या रस्त्यावर, त्याच चेंबूरमध्ये, राज कपूरचा आर. के. स्टुडिओही होता. आर. के.च्या 'श्री ४२०'मध्ये (१९५५) ललिताबाई फुटपाथवर केळी विकणाऱ्या गंगामाई झाल्या. राजूला पोटच्या पोरासारखं मानणारी ही म्हातारी प्रत्यक्षात ३९ वर्षांची होती, राज कपूरपेक्षा नऊ वर्षांनीही मोठी नव्हती. त्याच वर्षी 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या मधुबालाची करारी आत्या होत्या. एकाच चेहऱ्यातून माया आणि जरब, दोन्ही.

हृषीकेश मुखर्जींच्या 'अनाडी'त (१९५९) त्यांनी हे दोन्ही एकाच बाईत आणलं. घरमालकीण मिसेस डिसा तोंडाने भाडेकरूला फाडून खाते आणि मनातून त्याच्यावर जीव टाकते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचं फिल्मफेअर मिळालं. १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही आला.

१९९८ साली पुण्यात त्या गेल्या. आर. के.ची जागाही २०१९ मध्ये एका बांधकाम कंपनीने घेतली. 'अनाडी' मात्र आजही पाहता येतो. तो डोळा बिघडला कसा, हे आता सगळ्यांना पाठ आहे. त्या डोळ्याने मिसेस डिसा रागाआडची माया कशी दाखवते, ते एकदा बघा.