आजीची मांडी दुखतेय, पोटही फुगलंय? लपलेला हर्निया असू शकतो

तेर (ता. धाराशिव) : हर्निया म्हटलं की जांघेत नाहीतर बेंबीपाशी आलेली गाठ, असंच आपल्याकडं समजतात. पण एका हर्नियात बाहेर गाठ दिसतच नाही. त्याला ऑब्च्युरेटर हर्निया म्हणतात. शंभर हर्नियांत असा एखादाच, तोही क्वचित. मात्र ओळखायला उशीर झाला तर जिवावर बेततं.

कोणाला होतो?
सत्तरी ओलांडलेल्या, अंगानं वाळलेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या बायकांना जास्त. जुना खोकला, कायमचं बद्धकोष्ठ असेल तर धोका वाढतो. कमरेच्या हाडाला खाली दोन्ही बाजूंना एकेक भोक असतं, त्यावर पडदा असतो. त्यातल्या बारीक वाटेनं एक नस मांडीत उतरते. ही वाट एरवी चरबीनं भरलेली असते. उतारवयात चरबी झडली की वाट मोकळी होते आणि आतडं त्यात अडकतं. ते स्नायूंखाली दडल्यानं हाताला लागत नाही.

खुणा कोणत्या?
• पोटात कळा, पोट फुगणं, उलट्या. शौचाला होत नाही, वाराही सरत नाही. असाच त्रास आधी होऊन आपोआप थांबलेला असू शकतो.
• मांडीच्या आतल्या बाजूनं गुडघ्यापर्यंत कळ. पाय मागं ताणला किंवा बाजूला फाकवला की वाढते, मांडी पोटाकडं घेतली की कमी होते. नस दाबल्यानं हे होतं. डॉक्टर याला हाऊशिप-रॉम्बर्ग खूण म्हणतात. ती सगळ्याच रुग्णांत दिसत नाही.

ऑपरेशनआधी निदान कसं होतं?
एक्स-रेत आतडं अडल्याचं कळतं, पण कशानं अडलं ते बहुतेक वेळा कळत नाही. पोटात गॅस असला की सोनोग्राफीतही चुकू शकतं. खात्रीची तपासणी म्हणजे पोटापासून मांडीच्या वरच्या भागापर्यंतचा सीटी स्कॅन. सीटी नव्हता तेव्हा बहुतेकांचं निदान पोट उघडल्यावरच व्हायचं. आधी कळलं तर सर्जनला नेमकी जागा ठाऊक असते आणि आतडं काळं पडण्याआधी सोडवता येतं. मग भोक टाक्यांनी किंवा जाळी लावून बंद करतात. आतडं सडलं तर तेवढा भाग कापावा लागतो.

घरच्यांनी काय करावं?
गुडघ्याचं दुखणं हाडाच्या डॉक्टरला आणि पोटाचं दुसऱ्याला, असं वेगवेगळं सांगू नये. दोन्ही तक्रारी एकदमच सांगाव्यात. एरंडेल पाजू नये, पोट चोळू नये. उलट्या होत असतील तर काही खाऊ-पिऊ घालू नये. रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. तेरच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवून, सीटी आणि सर्जन दोन्ही असतील अशा ठिकाणी कुठं न्यायचं ते तिथंच विचारावं. रेशनकार्ड, आधारकार्ड सोबत ठेवावं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार बसतात का, ते योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारता येतं.