नजदचा करार आणि त्याचे वारस

अरबस्तानच्या मध्यभागीं नजद नांवाचा जो रुक्ष पठारी प्रदेश आहे, त्यास अठराव्या शतकापर्यंत इतिहासांत फारसें स्थान नव्हतें. मक्का-मदिनेवर तुर्की सुलतानाचें आधिपत्य होतें. पण नजदचीं वाळवंटें जिंकण्याची तसदी सुलतानानें घेतली नाहीं. खजुरीच्या बागांभोवतीं एकेक गांव, प्रत्येक गांवास एक अमीर, आणि प्रत्येक अमिराचें शेजाऱ्याशीं वैर, असा तेथील प्रकार होता. याच प्रदेशांतील उयैना गांवीं इ. स. १७०३ मध्यें महंमद इब्न अब्दुल वहाब याचा जन्म झाला.

त्याचें घराणें हन्बली पंथाच्या धर्मशास्त्र्यांचें. तरुणपणीं विद्येसाठीं तो मदिना व बसरा येथें राहिला. मदिनेंतील त्याचा एक गुरु, महंमद हयात, मूळचा सिंधचा होता, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत नसते. नजदमध्यें परतल्यावर तो जो उपदेश करूं लागला, त्यांत ईश्वर एकच आहे हें तत्त्व मुळींच नवें नव्हतें. ती तर प्रत्येक मुसलमानाची श्रद्धा आहे. नवें होतें तें त्यावरून काढलेलें अनुमान. पिराच्या कबरीपाशीं नवस बोलणें, मृत साधूनें ईश्वराकडे रदबदली करावी म्हणून त्याचा धांवा करणें, झाडास पवित्र मानणें, हें सर्व त्याच्या मतें अनेकेश्वरपूजनच होय. आणि समजावून सांगितल्यावरहि जो तें सोडीत नाहीं तो मुसलमान नव्हे, त्याच्याशीं युद्ध करणें धर्म्य होय. स्वतःस मुसलमान म्हणविणाऱ्यास असें काफर ठरविण्याच्या कृतीला अरबींत तक्फीर म्हणतात. पुढील अडीचशें वर्षांच्या इतिहासाची किल्ली या एका शब्दांत आहे. बहुतेक उलेमा हें शस्त्र म्यानांतच ठेवीत. इब्न अब्दुल वहाबनें तें उपसलें. याच मुद्द्यावर त्याचा सख्खा भाऊ सुलेमान यानें त्याच्या मताचें खंडन करणारा ग्रंथ लिहिला.

उयैनाच्या अमिराच्या पाठबळावर त्यानें पूज्य मानलेलीं झाडें तोडविलीं आणि खलिफा उमर याचा भाऊ झैद याची कबर पाडविली. तेव्हां पूर्वेकडील अल-हसाचा बलाढ्य प्रमुख चिडला, आणि त्याच्या धाकानें अमिरानें या उपदेशकास गांवाबाहेर घालविलें. तो जवळच्या दिरिया गांवीं आला. तेथील अमीर महंमद इब्न सौद याच्याशीं १७४४ सालीं त्याचा जो करार झाला, त्यांतून एक राज्य उभें राहिलें. शेखानें धर्माचा अर्थ सांगावा आणि अमिरानें तरवार धरावी, असें त्याचें स्वरूप होतें. दोघांनाहि तो लाभला. वाळवंटांतल्या टोळ्यांची लूट ही पूर्वीं नुसती लूट होती. ती आतां जिहादांतील धन ठरली, आणि तिचा पांचवा हिस्सा दिरियाच्या खजिन्यांत जाऊं लागला.

१७९२ सालीं शेख वारला, पण राज्य वाढतच गेलें. १८०२ मध्यें सौदी फौजेनें इराकांतील करबला लुटलें आणि हुसेनच्या दर्ग्याच्या परिसरांत शियांची कत्तल केली. पाठोपाठ मक्का व मदिना ही पवित्र शहरेंहि त्यांच्या हातीं पडलीं. हा अपमान तुर्की सुलतानास सोसवेना. त्याच्या आज्ञेवरून इजिप्तच्या महंमद अलीनें फौजा धाडल्या. १८१८ सालीं त्याचा पुत्र इब्राहिम पाशा यानें दिरिया घेतलें, आणि अमीर अब्दुल्ला याचा इस्तंबूलमध्यें शिरच्छेद झाला.

‘वहाबी’ हें नांव विरोधकांनीं दिलेलें. अनुयायी स्वतःस एकेश्वरवादी म्हणवीत. हिंदुस्थानांतील इंग्रज अंमलदारांनीं १८३१ सालीं बालाकोट येथें पडलेल्या सय्यद अहमदच्या अनुयायांसहि तेंच नांव चिकटविलें. वास्तविक त्यांची परंपरा दिल्लीच्या शाह वलिउल्लाची होती. सरकारी दप्तरांस विचारापेक्षां शिक्का अधिक सोयीचा वाटतो.

१९०२ सालीं त्याच सौद घराण्यांतील अब्दुल अझीझ यानें रियाध जिंकलें आणि भटक्या बदावी टोळ्यांना वसाहतींत बसवून, शेखाची शिकवण देऊन, ‘इखवान’ नांवाची फौज उभारली. तिच्या बळावर १९२४-२५ मध्यें त्यानें हिजाझ घेतला. मदिनेच्या बकी स्मशानांतील पूज्य कबरी पाडल्या गेल्या, आणि त्यावरून हिंदुस्थानांतील खिलाफत चळवळीच्या पुढाऱ्यांतहि फूट पडली. पुढें इखवानांस इराकांत शिरावयाचें होतें. पण तेथें इंग्रजांचें बळ होतें, व राजानें त्यांस अडविलें. जिहादास कसली सरहद्द, असें म्हणत ते राजावरच उलटले, आणि १९२९ सालीं सबिला येथें राजानें त्यांचा पराभव केला. येथें या करारांतलें मर्म उघड होतें: कोण काफर हें ठरविण्याची मुभा एकदां दिली, कीं तिचा रोख कोठें वळेल हें देणाऱ्याच्या हातीं उरत नाहीं.

१९३२ सालीं सौदी अरबस्तानचें राज्य झालें, १९३८ मध्यें तेल लागलें. या संपत्तीतून १९६१ सालीं मदिनेचें इस्लामी विद्यापीठ आणि १९६२ सालीं मक्केचा जागतिक मुस्लिम संघ निघाला. याच काळांत नासरच्या इजिप्तमधून परागंदा झालेले मुस्लिम ब्रदरहूडचे लोक तेथें शिक्षक झाले. १९६६ सालीं फांशीं गेलेल्या सय्यद कुत्बचा भाऊ महंमद कुत्ब त्यांत होता. राज्यकर्तेच धर्मभ्रष्ट, असें कुत्बचें मत. नजदचे बहुसंख्य उलेमा मात्र राजाची आज्ञा पाळण्यास सांगत. आधुनिक अतिरेकी विचार या दोन प्रवाहांच्या संगमांतून निघाला. त्याचा सारा दोष शेखाच्या माथीं मारणें सोपें आहे, पण खरें नाहीं. आणि त्याचा कांहींच संबंध नाहीं म्हणणें हें तर त्याहून खोटें आहे.

१९७९ च्या नोव्हेंबरांत जुहैमान अल-उतैबी यानें शेंकडों सशस्त्र साथीदारांसह मक्केची मशीद बळकावली. त्याचा जन्म साजीर या इखवानांच्याच वसाहतींत झाला होता. दोन आठवडे लढाई चालली, आणि मशिदींत शस्त्र वापरण्यास राजाला उलेमांचा फतवा मागावा लागला. त्यापोटीं धर्मसत्तेस अधिक मोकळीक मिळाली. त्याच वर्षअखेरीस रशियन फौजा अफगाणिस्तानांत उतरल्या, आणि सौदी पैसा व सौदी तरुण तिकडे वळले. १९९० सालीं अमेरिकन फौजा सौदी भूमीवर आल्या तेव्हां ओसामा बिन लादेन राजघराण्याविरुद्ध गेला. २००१ सालीं अमेरिकेवर हल्ला करणाऱ्या एकोणीस जणांपैकीं पंधरा सौदी होते. पुढें २००३ मध्यें त्याच्या अनुयायांनीं रियाधमध्येंच बाँब उडविले. २०१४ सालीं स्वतःस खिलाफत म्हणविणाऱ्या ‘इस्लामिक स्टेट’नें शेखाचीं पुस्तकें छापून शिकविलीं, आणि सौदी राजांस काफर ठरविलें.

२०१६ सालीं रियाधच्या सरकारनें धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार काढून घेतला. २०२२ पासून तेथें २२ फेब्रुवारीस राज्याचा स्थापनादिन साजरा होतो. त्यासाठीं धरलेलें वर्ष महंमद इब्न सौद दिरियाचा अमीर झाला तें, म्हणजे १७२७, करारापूर्वींचें सतरावें.