विकास आणि लोककल्याण : पेण–रोहा परिसर

उत्पादन, गुंतवणूक व रोजगार यांतील वाढ एकीकडे आणि लोकांचे आरोग्य, उपजीविकेची शाश्वती, स्वच्छ पाणी व आपल्या भूमीविषयीचा निर्णयाधिकार दुसरीकडे, यांचा मेळ घालण्याचा प्रश्न. आधुनिक राष्ट्रीय उत्पन्न-मापनाचा पाया घालणारे अर्थशास्त्रज्ञ सायमन कुझनेट्स यांनी, केवळ अशा उत्पन्नावरून राष्ट्राच्या कल्याणाचे अनुमान काढणे योग्य नव्हे, असे १९३४ मध्येच बजावले होते. १९९० पासून वापरात आलेला मानव विकास निर्देशांक उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान व शिक्षणही विचारात घेतो. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत हा प्रश्न प्रामुख्याने जमीन व पाणी यांच्या रूपाने पुढे आला.

खारेपाट व सार्वमत : पेण तालुक्यातील खाडीलगतच्या सखल पट्ट्यास खारेपाट म्हणतात. भरतीचे पाणी मातीच्या बांधांनी थोपवून आणि त्या बांधांत उघाड्या, म्हणजे ओहोटीला आतील पावसाचे पाणी बाहेर सोडणारी व भरतीला मिटणारी दारे, बसवून येथे भातशेती उभी राहिली. बांधाला खांड पडल्यास खारे पाणी शेतात शिरते व पावसाने क्षार धुऊन जाईपर्यंत जमीन पिकत नाही, त्यामुळे बांधबंदिस्ती हे एकट्या-दुकट्या खातेदाराचे नव्हे, तर गावाचे काम ठरते. खाडीतील मासळी, चिंबोऱ्या व कोलंबी हा आगरी, कोळी व कातकरी कुटुंबांच्या रोजच्या जेवणाचा आधार असला, तरी सातबारा उताऱ्यावर त्याची नोंद नसते आणि भूसंपादनाचा मोबदला ठरवताना नेमका हाच भाग निसटतो.

२००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर रिलायन्स समूहाच्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी उरण, पनवेल व पेण तालुक्यांतील ४५ गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वये घेण्याची प्रक्रिया सुरू झाली. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन आदी कार्यकर्त्यांच्या सहभागाने त्याविरुद्ध व्यापक आंदोलन झाले. पेणमधील २२ गावे हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात मोडत असल्याने, सिंचनासाठी राखलेली जमीन उद्योगाला द्यावी काय, हा वादाचा मुद्दा बनला. २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाने या २२ गावांत शेतकऱ्यांचे मतदान घेतले. खासगी प्रकल्पासाठी जमीन द्यायची की नाही, हे मतपेटीद्वारे विचारण्याचा हा भारतातील अत्यंत विरळा प्रसंग होय. मतदान करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी नकार दिल्याचे मानले जाते. पुढे भूसंपादन पूर्ण न होता प्रकल्प बारगळला. तथापि कौल जमीनधारकांपुरता असल्याने भूमिहीन मजूर व खाडीवर जगणारी कुटुंबे त्याबाहेर राहिली, ही या प्रयोगाची मोठी उणीव होती. १ जानेवारी २०१४ पासून अमलात आलेल्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती व सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आवश्यक केले. पेणच्या मतदानाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. ज्या हेटवण्याच्या सिंचनाचा मुद्दा या वादात पुढे आला, त्याचे पाणी आज नवी मुंबईच्या बाजूलाही पुरवले जाते.

कुंडलिका खोरे : मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली आणून भिरा येथे १९२७ पासून वीजनिर्मिती होते आणि तेथून सोडलेल्या पाण्यामुळे कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी मुळशी सत्याग्रह लढवला, त्याच्याच पाण्यावर रोहा तालुक्यातील शेती, कोलाडचे नौकापर्यटन व धाटाव औद्योगिक वसाहतीतील रसायन कारखाने अवलंबून आहेत. म्हणून येथील समृद्धीचा हिशेब मुळशी धरणाच्या विस्थापितांना वगळून पूर्ण होत नाही. कारखान्यांनी रोह्याला पगारी रोजगार दिला. मात्र सांडपाण्यासाठी सामाईक प्रक्रिया केंद्र असतानाही नदीचा एक पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत आला.

डोलवी : पेण तालुक्यात धरमतर खाडीकाठी मोठा पोलाद कारखाना व त्याचे बंदर असल्याने उद्योग व खाडीवरील उपजीविका यांचा मेळ घालण्याचा प्रश्न येथेही आहे.

मूर्तिकाम : पेण शहर, हमरापूर व जोहे येथील गणेशमूर्तींचे कारखाने हा स्थानिक भांडवलावर वाढलेला व्यवसाय असून, प्लास्टर ऑफ पॅरिसवरील निर्बंधांमुळे जलप्रदूषण टाळणे व कारागिरांचा रोजगार राखणे, असा पेच तेथेही निर्माण झाला आहे.