टर्बो, पाऊस आणि अर्धा गुण

फॉर्म्युला वन म्हटलं की डोळ्यांसमोर फेरारी येते, नाहीतर मॅक्लॅरेन. टोलमनचं नाव सहसा कुणी घेत नाही. इंग्लंडमध्ये नव्या गाड्या कारखान्यातून डीलरपर्यंत पोचवण्याचा धंदा करणाऱ्या एका कंपनीने हौसेने काढलेली ही टीम. पैसा बेताचा, इंजिन ब्रायन हार्टच्या छोट्या वर्कशॉपमधलं. १९८१ साली ती एफ-वनमध्ये उतरली तेव्हा बहुतेक शर्यतींत तिच्या गाड्या पात्रताच गाठू शकल्या नव्हत्या. म्हणजे शर्यत रविवारी आणि यांचं सामान शनिवारीच ट्रकमध्ये!

१९८४ मध्ये या टीमने एक नवा गडी घेतला. आयर्टन सेन्ना. आदल्या वर्षीचा ब्रिटिश फॉर्म्युला थ्री विजेता, पहिल्या शर्यतीच्या चारच दिवस आधी चोविशी पूर्ण केलेला. आणि हाती काय आलं? तर मागच्या मोसमातली गाडी थोडी डागडुजी करून. टीजी१८३बी तिचं नाव. रेडिएटर चक्क पुढच्या विंगमध्ये बसवलेले. आपल्या भाषेत सांगायचं तर लेगसी कोड. लिहिणाऱ्याने काहीतरी डोकं लावून लिहिलेला, पण आता सांभाळायचा तुम्ही.

त्यात टर्बो. हे जरा समजून घेऊया, कारण पुढची सगळी गंमत त्यात आहे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, हवा जास्त म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. दीड लिटरच्या चार सिलिंडरमधून जी राक्षसी ताकद निघायची ती यामुळे. पण वळणावर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की धूर कमी, पंखा मंद. मग पुन्हा पाय दाबला तर ताकद लगेच येत नाही. क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम धपकन सगळीच्या सगळी! तोवर गाडी वळणाच्या भलत्याच जागी असते. यालाच टर्बो लॅग म्हणतात.

बहुतेक ड्रायव्हर यावर अंदाज बांधून पाय थोडा आधी दाबायचे. सेन्नाने दुसरीच वाट धरली. कार्टिंगमधली त्याची जुनी सवय होती, वळणाच्या मधोमध ॲक्सिलरेटरवर पायाने भराभर टिचक्या मारायच्या. दाब-सोड, दाब-सोड, सेकंदाला कितीतरी वेळा. टर्बोत याचा दुहेरी फायदा झाला. एक तर पंखा मंदावायचाच नाही. दुसरं म्हणजे प्रत्येक टिचकीला मागची चाकं रस्ता किती धरतायत याची चाचपणी व्हायची. पुढे १९८५ मध्ये ब्रँड्स हॅचला जॉन वॉटसनसारखा मुरलेला ड्रायव्हर, लोटसमधला सेन्ना शेजारून जाताना बघून थक्क झाला होता. ब्रेक, गिअर, स्टिअरिंग आणि या टिचक्या, सगळं एकाच वेळी चाललेलं!

पण नुसत्या कौशल्यावर सगळं भागतं का? नाही. पहिल्या शर्यतीत, घरच्या प्रेक्षकांसमोर, टर्बोनेच दगा दिला. दुसरी शर्यत दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला. गाडीचं नाक मोडलेलं, तशीच शेवटपर्यंत रेटली. सहावा आला, एक गुण मिळाला, आणि शर्यत संपल्यावर इतका गळून गेला होता की इतरांना त्याला गाडीतून काढावं लागलं. शरीर कमी पडतंय हे त्याला कळून चुकलं आणि व्यायाम हा त्याच्या कामाचाच भाग झाला. इमोलाला तर टायर कंपनीशी टीमचं भांडण आणि वर गाडीचा बिघाड, त्यामुळे तो पात्रच ठरला नाही. अख्ख्या कारकिर्दीत एकदाच असं झालं.

मग मे महिन्यात नवी गाडी आली, टीजी१८४. टायरही पिरेलीऐवजी मिशेलिनचे. आणि तिची दुसरीच शर्यत होती मोनॅको, ३ जून १९८४. धो धो पाऊस!

सेन्नाची सुरुवात तेराव्या जागेवरून. पण पावसात ताकदीचा उपयोग कमी, आणि पायाच्या नाजूक हिशेबाचा जास्त. एकेक गाडी मागे पडत गेली. एकोणिसाव्या फेरीत त्याने चक्क निकी लाउडाला मागे टाकलं. आता पुढे एकटा अलँ प्रॉस्त, अर्ध्या मिनिटाहून जास्त पुढे. ते अंतर वितळत वितळत सात-साडेसात सेकंदांवर आलं आणि लाल झेंडा फडकला. शर्यत थांबली. निकाल एकतिसाव्या फेरीअखेरचा धरला गेला. प्रॉस्त पहिला, सेन्ना दुसरा.

यावर आजही वाद झडतात. पण मला त्यातलं गणित जास्त आवडतं. शर्यत अर्धवट म्हणून गुणही अर्धे, त्यामुळे प्रॉस्तला ९ ऐवजी साडेचार. मोसमाच्या शेवटी लाउडा ७२, प्रॉस्त ७१.५. अर्ध्या गुणाने जगज्जेतेपद गेलं! शर्यत पूर्ण होऊन, सेन्नाने गाठून प्रॉस्त दुसरा आला असता, तर त्याला ६ गुण मिळाले असते आणि बेरीज झाली असती ७३. म्हणजे हरला असता तर जिंकला असता.

आता टोलमनचा ताळेबंद बघा. सेन्नाने १४ शर्यती सुरू केल्या, त्यातल्या ८ अर्ध्यावर सुटल्या. उरलेल्या सहांतून १३ गुण आणि तीनदा पोडियम. तशाच गाडीतला जोडीदार जॉनी चेकोटो, मोटरसायकलवरचा माजी जगज्जेता, ब्रँड्स हॅचच्या अपघातात पाय मोडून मोसम संपेपर्यंत शून्य गुणांवर होता. म्हणजे फरक माणसाने पाडला हे नक्की. पण त्या आठ शर्यती? तिथे काही वेळा त्याच्या स्वतःच्या धडका होत्या, पण बरेचदा यंत्रच मोडलं. त्याला पायाच्या टिचक्या काय करणार?

सेन्नालाही हे ठाऊक होतं. मोसम संपायच्या आतच त्याने लोटसशी करार केला. टोलमनने चिडून त्याला मोंझाच्या शर्यतीत घरी बसवलं. कृतघ्न म्हणावं का? मला नाही वाटत. वाईट गाडीशी जुळवून घेणं हा गुण आहे, पण त्या गाडीत राहणं हा काही त्या गुणाचा भाग नाही. ज्याला आहे त्यातून शेवटचा थेंब काढता येतो, त्यालाच नेमकं कळतं की आता भांडं रिकामं झालंय.

सोमवारी ऑफिसात तोच जुना कोड उघडाल तेव्हा बघा, तुमच्या भांड्यात अजून किती आहे ते. असो!