बडोद्याचे रुग्णालय आणि जठरातील पॉलिप

बडोदे संस्थानात आधुनिक वैद्यकाने मूळ धरले ते महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या कारकिर्दीत. डॉ. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर हे मराठी डॉक्टर त्या कारकिर्दीच्या पूर्वार्धात संस्थानाचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होते, आणि १८८६ मध्ये लॉर्ड डफरिन यांच्या हस्ते पायाभरणी झालेले काउंटेस ऑफ डफरिन रुग्णालय पुढे सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘एसएसजी’, झाले. बडोदे वैद्यकीय महाविद्यालय १९४९ साली सुरू झाले.

पॉलिप म्हणजे पोकळ अवयवाच्या आतील अस्तरावर उगवणारी मांसल वाढ. रुग्णालय उभे राहिले तेव्हा जठरातील अशी वाढ जिवंत रुग्णात पाहण्याची खात्रीची सोय बडोद्यातच काय, युरोपातही नव्हती. १८६८ मध्ये आडोल्फ कुसमाउल यांनी जठरात ताठ नळी उतरवली खरी, पण तिच्यातून उजेड पुरेसा पोहोचत नव्हता. हे चित्र पालटले ते महाविद्यालयाच्या पहिल्या वीस वर्षांत. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी व हॅरल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ मध्ये काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा वाहून नेता येते हे दाखवले, बेसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये त्यावर आधारलेली लवचिक दुर्बीण वापरली, आणि १९६९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी मोठ्या आतड्यातील पॉलिप दुर्बिणीतूनच, तारेच्या फासाने, काढला.

एकाच रुग्णाचे जठर आणि मोठे आतडे असे दोन्ही तपासता येऊ लागल्यावरच त्यांच्यातील संबंधाचा प्रश्न नीट विचारता आला. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर एका आनुवंशिक विकारात मिळते: १९९१ मध्ये ओळखल्या गेलेल्या एपीसी जनुकात बिघाड असलेल्या कुटुंबांत मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होतात, उपचार न झाल्यास कर्करोग जवळजवळ अटळ ठरतो, आणि अशा अनेक रुग्णांच्या जठराच्या वरच्या भागातही पॉलिपांचे पुंजके आढळतात. याउलट, आम्ल कमी करणारी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या जठरात तसेच दिसणारे पॉलिप झाले, तर तेवढ्यावरून आतड्याच्या कर्करोगाची भीती बाळगण्याचे कारण नसते. जठरातील अ‍ॅडिनोमा, म्हणजे पेशींत कर्करोगपूर्व बदल झालेली वाढ, मात्र अधिक गंभीर मानावी लागते, आणि ती आढळल्यास मोठ्या आतड्याचीही तपासणी करण्याचा विचार होतो.

म्हणून अहवालात नुसता ‘पॉलिप’ हा शब्द आला, तर बायॉप्सीने, म्हणजे कापून घेतलेल्या तुकड्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीने, ठरलेला त्याचा प्रकार रुग्णाने आवर्जून विचारावा आणि कुटुंबात कोणाला आतड्याचा कर्करोग झाला असल्यास ते डॉक्टरांना न विसरता सांगावे.